एका लिटरमागे टँकरभर हवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात गाडीविषयी बोलताना 'पळते' हा एकच शब्द पुरतो. बैल पळतो, गाडा पळतो आणि पिकअपही पळतो. यात्रेच्या दिवशी घाटात बारी सेकंदाच्या अपूर्णांकावर ठरते आणि तिथे घसा बसेपर्यंत ओरडलेली पोरंच दुसऱ्या दिवशी टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला निघतात. त्यामुळे एखादा तरुण गॅरेजच्या दारात येऊन "मिस्त्री, गाडी पळत नाय, जरा हवा मोकळी करून द्या," म्हणाला, तर मला त्याचं नवल वाटत नाही. मंचरजवळ गॅरेज टाकून मला पंचवीस वर्षं होऊन गेली. पूर्वी लोक "पंप वाढवून द्या" म्हणायचे, आता "हवा मोकळी करा" म्हणतात. मोबाईलवर कुणीतरी एअर फिल्टरचा काळा डबा काढून त्या जागी शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर बसवताना दाखवतो, गाडी डरकाळी फोडते, आणि चार दिवसांनी तसाच फिल्टर कागदात गुंडाळून माझ्याकडे येतो.

या मागणीला मी हसत नाही. कारण मुळात ती बरोबर आहे. इंजिन हवेवर चालतं. पेट्रोल आपण विकत घेतो म्हणून त्याचा हिशेब ठेवतो, हवा फुकट मिळते म्हणून तिचा ठेवत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचं, तर एक लिटर पेट्रोलमागे नऊ ते दहा हजार लिटर हवा. उन्हाळ्यात आमच्या पूर्वेकडच्या गावांना पाण्याचा टँकर येतो ना, तो बहुधा तेवढाच असतो. म्हणजे पंपावर एक लिटर पेट्रोल घातलं की एक भरलेला टँकर हवा त्या छोट्याशा नळीतून आत जायची आहे असं समजा. लहान मोटारीचं ८०० सीसीचं इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांनी आणि पूर्ण ताकदीने फिरत असेल, तर मिनिटाला हजार-बाराशे लिटरच्या वर हवा ओढतं. तेव्हा हवा जास्त गेली तर ताकद वाढेल, हा विचार शंभर टक्के खरा. प्रश्न एवढाच, की आपल्या गाडीत हवा अडते कुठे? डबा फोडण्याआधी हे कुणी मोजत नाही. माझं आजचं सांगणं या मोजण्याबद्दल आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करू. जुन्नर समुद्रसपाटीपासून जवळजवळ सातशे मीटर उंचीवर आहे. कोकणातून माळशेज घाट चढून वर आलं, की हवेचा दाब तिथल्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी झालेला असतो. टर्बो नसलेलं इंजिन त्याच प्रमाणात ढिलं पडतं. मुंबईहून आलेला पाहुणा "इथं गाडी उचलत नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, आणि गाडीही खराब झालेली नसते. या तोट्यावर आपल्याकडे काही इलाज नाही.

दुसरा तोटा मात्र आपल्या हातातला आहे. तो म्हणजे गरम हवा. हवा तापली की पसरते, विरळ होते. साधारण तीन अंश तापमान वाढलं, की तेवढ्याच जागेत मावणारी हवा एक टक्क्याने कमी होते. बाहेर तीस अंश तापमान आहे आणि इंजिन मात्र बॉनेटखालची साठ अंशांची हवा ओढतंय, असं असेल तर नऊ टक्के हवा गेली. ताकद काही अगदी त्याच मापाने उतरत नाही, पण त्याच दिशेने उतरते. टर्बो गाड्यांना कंपन्या इंटरकूलर बसवतात तो याच कारणाने. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती थंड करून मग आत सोडायची.

आता तो काळा डबा नीट पाहा. त्याची सोंड कुठे जाते? बहुतेक गाड्यांमध्ये रेडिएटरच्या वरून पुढच्या जाळीकडे, किंवा मडगार्डच्या पोकळीत. म्हणजे गाडी बनवणाऱ्याने बाहेरची थंड हवा मिळावी म्हणूनच ती तिथवर नेलेली असते. आपण डबा काढतो आणि उघडा शंकू तापलेल्या इंजिनाच्या शेजारी बसवतो. खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरात वापरतात तसा वायरचा डिजिटल थर्मामीटर घ्या. त्याचं टोक फिल्टरजवळ आणि डोळा काट्याच्या जागी असलेल्या आकड्यावर ठेवा, आणि मे महिन्यात दुपारी चाकणच्या गर्दीत अर्धा तास अडकून पाहा. अडकायला तिथे वेगळे कष्ट पडत नाहीत. बाहेरच्या आणि आतल्या आकड्यातला फरक पाहिला की शंकूचं आकर्षण बरंच कमी होतं.

"पण मिस्त्री, गाडी जोरात पळते हो, जाणवतं!" जाणवतं ते कानाला. तो डबा नुसता कचरा अडवायला नसतो. हवा आत ओढताना व्हॉल्व्हच्या उघडझापीमुळे जो घुमारा होतो, तो त्या डब्याच्या पोकळीत आणि त्याला जोडलेल्या बंद खोक्यात मुरवलेला असतो. डबा निघाला की तो आवाज मोकळा होतो आणि आपल्याला वाटतं, ताकद मोकळी झाली. म्हणून कानावर विसंबू नये. घड्याळ लावावं. घाटात बारी कानाने ठरवली तर चालेल का? एकच चढ, एकच गिअर, तेवढेच लोक आत, आणि चाळीसवरून साठच्या वेगाला जायला किती सेकंद लागले ते पाच वेळा मोजायचं. रस्ता मोकळा असेल तेव्हाच, आणि घड्याळ शेजाऱ्याच्या हातात.

आता माझी आवडती युक्ती. तिला गवंड्याच्या पेटीतली लेव्हल पाईप लागते. तीच ती पारदर्शक नळी, दोन भिंतींची पातळी जुळवायला पाणी भरून धरतात ती. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये जी जाड रबरी होज असते, तिला बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या ब्रीदरची बारीक नळी येऊन मिळते. ती तात्पुरती काढून तोंड मोकळं ठेवायचं आणि होजच्या त्या भोकात लेव्हल पाईपचं टोक घट्ट बसवायचं. पाईप एका फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी, किमान मीटरभर उंच, बांधायची, म्हणजे पाणी ओढलं जाऊन इंजिनात जाणार नाही. खालच्या वळणात पाणी आणि शाईचे दोन थेंब. दुसरं टोक हवेत उघडं. इंजिन हवा ओढायला लागलं की एका बाजूचं पाणी वर चढतं, दुसऱ्या बाजूचं उतरतं. दोन पातळ्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. फिल्टरमुळे इंजिनाला हवा किती जोर लावून ओढावी लागते, त्याचं हे माप. पेट्रोल गाडीत उभ्या उभ्या रेस करून उपयोग नाही, कारण भार नसताना थ्रॉटल जवळजवळ बंदच असतं. तेव्हा फळी धरून एकाने शेजारी बसायचं, आणि चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबलेला असताना वाचायचं.

समजा, अंतर दहा सेंटीमीटर आलं. आता हिशेब करा. आपल्याकडच्या हवेचा दाब म्हणजे सुमारे साडेनऊ मीटर उंच पाण्याचा स्तंभ. साडेनऊशे सेंटीमीटरमधले दहा सेंटीमीटर. एक टक्का! फिल्टर, डबा, सोंड सगळं उपटून फेकून दिलं तरी जास्तीत जास्त एवढंच हाती लागणार. इकडे एक टक्का मिळवायला निघालो आणि गरम हवेत नऊ टक्के घालवून बसलो. आकडा तीस-चाळीसवर गेला असेल, तर फिल्टर खरंच गच्च झालाय, तो बदला. हा प्रयोग मी गॅरेजमधल्या प्रत्येक शिकाऊ मुलाला करायला लावतो. पन्नास रुपयांच्या नळीने जे कळतं, ते पाच हजारांचा शंकू लावून कळत नाही.

अॅव्हरेजचंही सांगतो, कारण दुसरी मागणी हमखास तीच असते. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर मुद्दाम तुंबवला, तरी इंधनाच्या खपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, फक्त गाडी वेग घ्यायला मंद झाली. कारण साधं आहे. सावकाश चालवताना आपणच पायाने थ्रॉटल अर्धंअधिक मिटून ठेवलेलं असतं. दारच अर्धं बंद असताना अंगणातलं फाटक किती उघडलं याने काय फरक पडणार? राहिलेलं काम कॉम्प्युटर करतो. आलेली हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं तसं नव्हतं. तिथे फिल्टर तुंबला की गाडी पेट्रोल जास्त खायची, आणि आपल्या मनातली समजूत त्या काळातली आहे.

हे सगळं गमतीचं वाटत असेल, तर आता धुळीकडे येऊ. तिथे गंमत संपते.

आमच्या दोन्ही तालुक्यांचा स्वभाव दुहेरी आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला धो धो पाऊस आणि पूर्वेला कोरडं माळरान. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत पूर्वेच्या पाणंदींमध्ये घोट्याएवढा फुफाटा असतो. पुढे ट्रॅक्टर चाललेला असेल तर मागच्या पिकअपला रस्ता दिसत नाही. त्या फुफाट्यात बारीक वाळूच असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. सगळ्यात वाईट धूळ असते पाच ते वीस मायक्रॉनची, डोळ्यांना न दिसणारी. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, त्यात ती अचूक मावते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

काही वर्षांपूर्वी एक पिकअप माझ्याकडे ओढून आणावा लागला. गाडी कर्जावरची, मुलगा पंचविशीतला, घरची दीड एकर जमीन आणि बाकी सगळा संसार या गाडीवर. कुणाच्या तरी सल्ल्याने त्याने फिल्टरच्या डब्याला खालून ड्रिलने सात-आठ भोकं पाडून घेतली होती आणि आतला कागदी फिल्टर 'फक्त घाटापुरता' काढून ठेवला होता. घाट संपला तरी फिल्टर परत बसला नाही. दोन महिने गाडी छान पळाली, असं तो सांगत होता. मग ऑइल कमी व्हायला लागलं, मग ब्रीदरमधून धूर, मग सकाळी स्टार्ट होईना. मी होज काढून आत बोट फिरवलं. बोटाला राखाडी, खरखरीत चिखल लागला, ऑइल आणि धूळ एकत्र झालेला. इंजिन खोललं तेव्हा सिलिंडरच्या वरच्या भागात नखाला लागेल अशी पायरी पडली होती. आठ महिन्यांत! एरवी ते इंजिन हात न लावता काही लाख किलोमीटर गेलं असतं. कामाचे पैसे तर गेलेच, पण ऐन टोमॅटोच्या हंगामात गाडी तीन आठवडे उभी राहिली. हप्ता काही थांबला नाही. त्याने आईचे दागिने सोडवून आणले होते, ते पुन्हा ठेवावे लागले. तो मला हे सांगत नव्हता, त्याचे वडील सांगत होते. तो गप्प बसून डब्याची भोकं मोजत होता.

बोट फिरवायची ही परीक्षा तुम्हीही घरी करू शकता. फिल्टरच्या पुढची, म्हणजे इंजिनाकडची होज उघडा आणि पांढऱ्या रुमालाने आतून पुसा. रुमाल कोरडा, फार तर किंचित तेलकट निघाला पाहिजे. धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही, नाहीतर होजला चीर आहे. आणि एक मेहेरबानी करा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने कागदी फिल्टर फुंकून घेऊ नका. त्या जोराने कागदाला सूक्ष्म छिद्रं पडतात. फिल्टर स्वच्छ दिसतो आणि गाळायचा थांबतो. खरं तर थोडा मळलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा धूळ जास्त चांगली अडवतो.

जुन्या जीपवाल्यांसाठी दोन शब्द. प्रवासी जीप आमच्याकडे वर्षानुवर्षं आदिवासी वाड्यांपर्यंत पोचल्या त्या ऑइल बाथ एअर क्लिनरवर. हवा आत शिरून ऑइलच्या वाटीवर आपटते, एकदम वळते, आणि धूळ वळू न शकल्यामुळे ऑइलमध्ये बसते. इतकी साधी आणि शहाणी वस्तू क्वचित पाहायला मिळते. पण वाटीवर खूण असते तिच्यावर ऑइल भरू नका. जास्तीचं ऑइल डिझेल इंजिन आत ओढून घेतं, त्याच्यावरच चालायला लागतं, आणि मग किल्ली बंद केली तरी थांबत नाही. आणि 'पंप वाढवणं' म्हणजे हवा तेवढीच ठेवून डिझेल जास्त सोडणं. मागून निघणारा काळा धूर म्हणजे न जळलेले तुमचे पैसे.

मग घरी काहीच करायचं नाही का? करायचं की. पहिलं काम, सोंड जागेवर आहे का पाहायचं. बंपरला ठोकर बसून किंवा कुणी काम करताना ती निघालेली असते आणि डबा बॉनेटखालची गरम हवा पीत असतो. मी पाहिलेल्या पाच 'न पळणाऱ्या' गाड्यांत एकीचं दुखणं एवढंच निघतं. दुसरं, होजच्या क्लिपा आणि चिरा. तिसरं, ज्यांना हाताने काम करायची हौस आहे त्यांच्यासाठी. इनटेक मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये गॅस्केट असतं. पुष्कळदा गॅस्केटचं भोक लहान असतं आणि त्याची कड हवेच्या वाटेत येते, दारात उंबरा यावा तशी. मॅनिफोल्ड काढून, गॅस्केटवर खूण करून, ती कड हळूहळू कापून घ्यायची. यात बिघडण्यासारखं काही नाही, मात्र अॅल्युमिनियमचा एकही कण हेडमध्ये पडता कामा नये. भोकांत चिंध्या कोंबायच्या आणि त्या मोजून परत काढायच्या. धूर परत आत फिरवणाऱ्या झडपेच्या डिझेल गाड्यांत मॅनिफोल्डमध्ये काजळी आणि ऑइलचा असा डांबरी थर साठतो, की नळीचं तोंड निम्मं होतं. तो खरवडून साफ केला की गाडी नव्याने श्वास घेते. माझ्या मते आमच्या भागातल्या डिझेल गाडीला याच्याइतका फायद्याचा दुसरा घरगुती उपाय नाही.

पण पोर्ट घासून मोठे करू नका. नळी रुंद केली की हवेचा वेग कमी होतो. वरच्या फेऱ्यांना, म्हणजे शर्यतीच्या गाडीला, ते मानवतं. आपल्याला ताकद हवी असते खालच्या फेऱ्यांना, माल भरून माळशेज चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये. तिथे अरुंद नळीतली वेगवान हवाच सिलिंडर चांगला भरते. आणि कार्ब्युरेटरच्या गाडीचा पोर्ट आरशासारखा चकचकीत केला, तर पेट्रोलचे थेंब हवेत मिसळून राहण्याऐवजी भिंतीला चिकटून ओघळतात.

खरी वाढ कुठून येते याचं एक उदाहरण रस्त्यावरच आहे. मारुती ८०० आणि २००० साली आलेली तिची धाकटी बहीण अल्टो. दोघींची इंजिनं ७९६ सीसीची. एकीला सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्ह, दुसरीला चार. एकीची ताकद ३७ अश्वशक्तीच्या आसपास, दुसरीची ४६ च्या. हवेचं दार दुप्पट केलं तेव्हा नऊ-दहा अश्वशक्ती वाढल्या. पण त्यासाठी कंपनीने अख्खं हेड नवं बनवलं. हे काम शेडमध्ये ड्रिलने होणारं नाही.

कायद्याचंही ऐका. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अशी तरतूद आली. साफसफाई, चिरलेली होज बदलणं, तुंबलेला फिल्टर काढून नवा घालणं हे यात येत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिथे गाड्यांचा धूर, आवाज आणि ताकद तपासली जाते, ती त्या काळ्या डब्यासकट.

आता पावसाळ्यापुरतं एक. थंड हवेच्या नादाने काही जण सोंड खाली, बंपरच्या मागे नेतात. उन्हाळ्यात ती थंड हवा घेते, यात शंका नाही. पण जुलैमध्ये घोडेगावच्या पुढे, आहुप्याच्या बाजूला रस्त्यावरून ओढे वाहतात, तेव्हा तीच सोंड पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग इंजिन जवळजवळ नवं घालावं लागतं. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून कोरड्या जागी आणा, फिल्टर काढून हात लावून पाहा. ओला लागला तर गॅरेजवाल्याला तिथेच बोलवा. आधी प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी उडून जाऊ द्यायचं, आणि मगच किल्लीला हात लावायचा.